ऋण पूर्णांकांच्या असमानतेत ‘चिन्ह बदलते’ म्हणजे नेमके कोणते चिन्ह?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: स्पर्धा परीक्षेचा सराव करताना ऋण पूर्णांक असलेल्या असमानता आल्या की तुमची निम्मी उत्तरे चुकतात, आणि ‘ऋण दिसले की चिन्ह उलटवायचे’ हा नियम पक्का पाठ असूनही चुकतात. नमुन्यादाखल तुम्ही तीन उदाहरणे दिली आहेत. पहिल्यात क्ष − ५ < −८ वरून तुम्ही क्ष > −३ असे लिहिले. दुसऱ्यात १२/क्ष > −३ या असमानतेचे उत्तर क्ष > −४ असे काढले. तिसऱ्यात ‘क्ष ऋण पूर्णांक असेल तर क्ष³ < क्ष हे नेहमी खरे असते का?’ या प्रश्नासाठी −२ आणि −५ या किमती घालून पाहिल्या आणि ‘होय’ हा पर्याय निवडला. तिन्ही उत्तरे चुकली आहेत, पण तिन्हींच्या चुकण्याची कारणे वेगवेगळी आहेत. म्हणून तुम्ही मागितलेला ‘एकच पक्का नियम’ मी देणार नाही; त्याऐवजी त्या तीन चुका एकेक करून उलगडते.

मी गेली बावीस वर्षे सकाळी नववी-दहावीला आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना गणित शिकवते. पहिल्या उदाहरणातली चूक मी इतक्या वह्यांमध्ये पाहिली आहे की तिचे मूळ विद्यार्थ्याच्या आळसात नसून आमच्या शिकवण्याच्या भाषेत आहे, याची मला खात्री झाली आहे. आपण समीकरणे शिकतो तेव्हा ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे वाक्य कानावर पडते. तिथे चिन्ह म्हणजे पदाचे धन किंवा ऋण चिन्ह. −५ उजवीकडे गेला की +५ होतो. पुढे असमानता शिकताना ‘ऋण संख्येने गुणले की चिन्ह बदलते’ असे दुसरे वाक्य येते, आणि तिथे चिन्ह म्हणजे < किंवा >. एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला गेल्याने मुलाच्या डोक्यात दोन्ही वाक्ये एक होतात. तुम्ही −५ पलीकडे नेलात, ‘चिन्ह बदलते’ हे आठवले आणि हात आपोआप < कडे गेला. प्रत्यक्षात तिथे दोन्ही बाजूंत फक्त ५ मिळवलेले आहेत. दोन्ही बाजूंत समान संख्या मिळवली किंवा वजा केली तर कोण मोठे आणि कोण लहान यात काहीही फरक पडत नाही, मग त्या संख्या धन असोत वा ऋण. उत्तर क्ष < −३ असेच राहते. ताळा करायचा तर क्ष = −४ घ्या: −४ − ५ = −९, आणि −९ हा −८ पेक्षा लहान आहेच. तुमच्या उत्तरात बसणारा क्ष = ० घेतला तर −५ < −८ असे येते, जे खोटे आहे.

या गोंधळावर माझ्या वर्गात मी एक साधा उपाय करते. पदाच्या बाबतीत ‘चिन्ह’ म्हणायचे आणि < किंवा > च्या बाबतीत ‘तोंड’ म्हणायचे, कारण त्या खुणेचे उघडे तोंड मोठ्या संख्येकडे असते हे सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक असते. ‘पद पलीकडे गेले, चिन्ह बदलले, तोंड तसेच’ असे मुले मोठ्याने म्हणत उदाहरण सोडवतात. दोन आठवडे हे केले की ही चूक जवळजवळ नाहीशी होते.

आता तोंड मुळात का फिरते, याकडे वळू, कारण ते कळल्याशिवाय कधी फिरते हे लक्षात राहणार नाही. आपल्या भाषेत ‘ऋण’ म्हणजे कर्ज. एकाकडे ५०० रुपयांचे कर्ज आहे आणि दुसऱ्याकडे २०० रुपयांचे. बोलताना आपण पहिल्याचे कर्ज मोठे म्हणतो, आणि तेही बरोबरच आहे. पण दोघांची ऐपत मांडायची झाली तर पहिल्याची −५०० आणि दुसऱ्याची −२००, म्हणजे पहिल्याची कमी. ‘कर्ज किती मोठे’ हे शून्यापासूनचे अंतर झाले, ज्याला आपण केवलमूल्य म्हणतो. ‘ऐपत किती’ हे संख्यारेषेवरचे स्थान झाले. धन संख्यांमध्ये या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात, म्हणून आपण त्यांच्यात कधी फरक करत नाही. ऋण संख्यांमध्ये त्या बरोबर उलट दिशांना जातात. काही इमारतींच्या लिफ्टमध्ये तळघरांची बटणे −१, −२, −३ अशी असतात. ३ हा आकडा १ पेक्षा मोठा दिसला तरी −३ चा मजला −१ च्या खालीच असतो. असमानता नेहमी स्थानाबद्दल बोलते, अंतराबद्दल नाही. ऋण पूर्णांकांच्या बहुतेक चुका या गल्लतीतून जन्मतात.

अ < ब याचा खरा अर्थ एवढाच की ब − अ ही धन संख्या आहे. आता −अ आणि −ब यांची तुलना करायची तर (−अ) − (−ब) काढू. तेही ब − अ एवढेच येते, म्हणजे धनच. याचा अर्थ −अ हा −ब पेक्षा मोठा आहे. बस, तोंड फिरण्यामागे याहून अधिक गूढ काही नाही. शून्यावर आरसा ठेवला तर उजवीकडे लांब असलेली संख्या डावीकडे लांब जाऊन बसते, तेच इथे बैजिक भाषेत घडले. यातूनच मी मुलांना एक सवय लावते, जिच्यामुळे तोंड फिरवण्याची वेळच येत नाही: चल असलेले पद ज्या बाजूला धन राहील त्या बाजूला न्यावे. −२क्ष < ६ असेल तर दोन्ही बाजूंत २क्ष मिळवा आणि दोन्ही बाजूंतून ६ वजा करा. −६ < २क्ष येते, मग २ या धन संख्येने भागा, −३ < क्ष मिळते. एक ओळ जास्त लिहावी लागते हे खरे. पण परीक्षेच्या ताणात जिथे हात चुकतो ती पायरीच उरत नाही, आणि माझ्या मते ती एक ओळ वाचवण्यासारखी नाही.

तुमचे दुसरे उदाहरण मात्र या सवयीने सुटणार नाही, आणि तिन्हींमध्ये तेच सर्वांत शिकवणारे आहे. १२/क्ष > −३ मध्ये तुम्ही दोन्ही बाजूंना क्ष ने गुणलेत आणि १२ > −३क्ष असे लिहिलेत. हे लिहिताना तुम्ही क्ष धन आहे असे नकळत धरलेत, कारण छेदात ऋण चिन्ह दिसत नव्हते. पण क्ष हे केवळ नाव आहे. त्याच्या आत −७ लपलेला असू शकतो. ज्याचे चिन्ह माहीत नाही अशा संख्येने असमानतेला गुणता किंवा भागता येत नाही, निदान शक्यता वेगळ्या केल्याशिवाय नाही. तेव्हा शक्यता वेगळ्या करू. क्ष धन पूर्णांक असेल तर डावी बाजू धन आणि उजवी ऋण, म्हणजे असमानता आपोआप खरी. १ पासून पुढचे सगळे पूर्णांक उत्तरात येतात. क्ष शून्य असेल तर भागाकारालाच अर्थ नाही, म्हणून तो वगळला. क्ष ऋण असेल तर क्ष ने गुणताना तोंड फिरते, १२ < −३क्ष मिळते. ३क्ष डावीकडे आणि १२ उजवीकडे नेले की ३क्ष < −१२, म्हणजे क्ष < −४. म्हणून पूर्ण उत्तर असे: क्ष हा −५ किंवा त्याहून लहान पूर्णांक, अथवा १ किंवा त्याहून मोठा पूर्णांक.

हे उत्तर तुमच्या क्ष > −४ शेजारी ठेवून पाहा. तुमच्या उत्तरात −३, −२ आणि −१ आले आहेत, ज्यांच्यासाठी १२/क्ष ची किंमत अनुक्रमे −४, −६ आणि −१२ येते, म्हणजे यांपैकी एकही −३ पेक्षा मोठी नाही. शिवाय शून्यही आत आला आहे. उलट −५ गळाला आहे, ज्याच्यासाठी −२.४ येतात आणि असमानता खरी ठरते, आणि −१०० सुद्धा गळाला आहे, ज्याच्यासाठी −०.१२ येतात. ऋण बाजूवर तुमचे उत्तर अगदी उलटे झाले आहे: जे हवे ते बाहेर आणि जे नको ते आत. शक्यता वेगळ्या करण्याचा कंटाळा येत असेल तर दुसरी वाटही आहे. क्ष ऐवजी क्ष² ने गुणा, कारण क्ष शून्य नसताना क्ष² धनच असतो आणि तोंड फिरण्याचा प्रश्नच येत नाही. १२क्ष > −३क्ष², म्हणजे ३क्ष(क्ष + ४) > ०. दोन्ही अवयवांची चिन्हे सारखी हवीत, म्हणून क्ष > ० किंवा क्ष < −४. उत्तर तेच. वर्गसमीकरणाचे अवयव सहज पाडता येत असतील त्यांनी ही रीत वापरावी. ज्यांना अजून सराव नाही त्यांनी शक्यता वेगळ्या करणेच बरे, असा माझा अनुभव आहे.

तिसऱ्या उदाहरणात तुमची रीत वाईट नव्हती, नमुना अपुरा होता. क्ष³ < क्ष मध्ये −२ घातले तर −८ < −२, खरे. −५ घातले तर −१२५ < −५, खरे. पण −१ घातले तर −१ < −१, आणि हे खोटे आहे. ‘नेहमी’ या शब्दाला एक उदाहरण पुरेसे ठरते, फक्त ते मोडणारे असले पाहिजे. न मोडणारी शंभर उदाहरणे घेतली तरी काही सिद्ध होत नाही. −१ हा पूर्णांकांमधला विलक्षण गडी आहे: त्याचा घन तोच, त्याचा गुणाकार व्यस्तही तोच, आणि त्याचा वर्ग त्याच्या केवलमूल्याइतकाच. म्हणून ऋण पूर्णांकांवरच्या कोणत्याही ‘नेहमी’ प्रश्नात मी आधी −१ घालते, मग −२, मग −१० सारखा लांबचा. प्रश्नात दोन चले असतील तर दोन्ही समान घेऊनही पाहते, अर्थात प्रश्न तशी मुभा देत असेल तर. यानंतरही विधान टिकले तर कारण शोधायचे: इथे दोन्ही बाजूंना क्ष ने, म्हणजे ऋण संख्येने, भागले की क्ष² > १ मिळते, आणि ते −१ सोडून बाकी सर्व ऋण पूर्णांकांना लागू आहे हे एका दृष्टीत दिसते.

हे सगळे प्रश्नात ‘पूर्णांक’ हा शब्द आहे की नाही यावर अवलंबून असते, आणि तो शब्द मुले सर्रास वाचत नाहीत. क्ष केवळ ऋण संख्या असे म्हटले असते तर −१/२ ही किंमतही घालता आली असती. तिचा घन −१/८, आणि तो −१/२ पेक्षा मोठा, म्हणजे विधान −१ च्या अलीकडे पूर्ण पट्टाभर खोटे ठरते. दुसरीकडे, ‘पूर्णांक’ या शब्दाने काही गोष्टी फुकट मिळतात. क्ष < −४ म्हणजे थेट क्ष ≤ −५. दोन ऋण पूर्णांकांचा गुणाकार किमान १ असतोच. पण पूर्णांकाकडे वळताना एक घसरण आहे. ३क्ष > −१० वरून क्ष > −३.३३… मिळाले की सर्वांत लहान पूर्णांक कोणता, असे विचारल्यावर बरेच जण −४ म्हणतात, कारण ३.३३ च्या पुढचा पूर्णांक ४ असतो ही सवय हाताला लागलेली असते. आपल्याला −३.३३ च्या उजवीकडचा पूर्णांक हवा आहे आणि तो −३ आहे. ताळा: ३ × (−४) = −१२, जो −१० पेक्षा लहान, म्हणून −४ बाद. अशा ठिकाणी मी उत्तरपत्रिकेच्या कडेला तीन ठिपक्यांची संख्यारेषा काढायला लावते. दहा सेकंद लागतात.

वर्गाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण ऋण पूर्णांकांचा खरा घात तिथे होतो. अ < ब < ० असेल तर अ² > ब² होते, कारण वर्ग फक्त शून्यापासूनचे अंतर पाहतो, स्थान नाही. अ धन की ऋण हे ठाऊक नसेल तर अ < ब वरून अ² आणि ब² बद्दल काहीच म्हणता येत नाही: −२ < ३ मध्ये वर्ग ४ आणि ९, पण −५ < ३ मध्ये २५ आणि ९. वर्ग केला की चिन्हाची माहिती पुसली जाते आणि ती परत मिळवायला वेगळी अट तपासावी लागते. याचे सर्वांत सुंदर उदाहरण भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या बीजगणितात दिले आहे. माकडांच्या एका कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा केले, उरलेल्याचा वर्ग केला, तेवढी माकडे गुहेत शिरली आणि एक माकड बाहेर फांदीवर दिसले. तर एकूण माकडे किती? समीकरण (क्ष/५ − ३)² + १ = क्ष असे होते, ते सोडवून क्ष² − ५५क्ष + २५० = ० मिळते आणि उत्तरे येतात ५० आणि ५. ५० घेतले तर पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले ७, वर्ग ४९, अधिक १ म्हणजे ५०. ५ घेतले तर पाचवा भाग १, त्यातून ३ गेले −२, वर्ग ४, अधिक १ म्हणजे ५. आकडेमोड दोन्हींत बिनचूक आहे! तरी भास्कराचार्य ५ हे उत्तर ग्राह्य धरत नाहीत, कारण प्रत्यक्ष मोजायच्या वस्तूंत ऋण संख्या लोकांना पटत नाही, असे ते म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर समीकरणासोबत क्ष/५ − ३ > ०, म्हणजे क्ष > १५, ही न लिहिलेली असमानता होती आणि तिनेच दोन उत्तरांतून एक निवडले. स्पर्धा परीक्षांतल्या कितीतरी प्रश्नांत हीच न लिहिलेली अट दडलेली असते.

आणखी एका ठिकाणी तुम्ही अजून अडखळला नसाल, पण अडखळाल, म्हणून सांगते. अ आणि ब पूर्णांक आहेत, −६ ≤ अ ≤ २ आणि −५ ≤ ब ≤ ३. अ − ब ची मर्यादा काय? मागच्याच महिन्यात एका हुशार मुलीने फळ्यावर दोन्ही असमानतांची सरळ वजाबाकी केली: डाव्या टोकाला −६ − (−५) = −१, उजव्या टोकाला २ − ३ = −१. म्हणजे अ − ब कायम −१! ती स्वतःच थबकली, कारण अ आणि ब दोन्ही शून्य घेतले तरी वजाबाकी ० येते. असमानतांची बेरीज चालते, वजाबाकी चालत नाही. अ − ब म्हणजे अ + (−ब), आणि −ब ची मर्यादा −३ ते ५ अशी फिरलेली असते. मग बेरीज केली की −९ ≤ अ − ब ≤ ७. गुणाकारातही तेच. टोकाला टोक गुणून ३० ≤ अब ≤ ६ असे अशक्य काहीतरी येते. चारही टोकांचे गुणाकार काढा: (−६)(−५) = ३०, (−६)(३) = −१८, (२)(−५) = −१०, (२)(३) = ६. त्यांतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा घ्या: −१८ ≤ अब ≤ ३०. आणि अ² ची मर्यादा ४ ते ३६ नसून ० ते ३६ आहे, कारण अ वाटेत शून्यातून जातो.

−अ हे अक्षर पाहून ती संख्या ऋण आहे असे धरू नका. अ = −४ असेल तर −अ हा ४ आहे, आणि म्हणूनच अ ऋण असताना त्याचे केवलमूल्य −अ असे लिहितात. हे लिहायला वर्गातली निम्मी मुले सुरुवातीला तयार होत नाहीत. केवलमूल्य धन असते, मग त्याच्यापुढे ऋण चिन्ह कसे, असे ती विचारतात, आणि तो प्रश्न रास्त असतो. किंमत घालून पाहिली की शंका मिटते.

किमती घालून उत्तर शोधावे की रीतसर सोडवावे, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. ते प्रश्नाच्या शब्दांवर अवलंबून आहे. ‘पुढीलपैकी कोणते विधान नेहमी खरे आहे?’ असे चार पर्याय असतील तर किमती घालून चुकीचे पर्याय मोडत जाणे झटपट होते. समजा क्ष < य < ० असे दोन पूर्णांक दिले आहेत आणि पर्याय आहेत क्ष² < य², क्ष × य < य², क्ष/य > १ आणि १/क्ष < १/य. क्ष = −३ आणि य = −२ ही एकच जोडी पहिला, दुसरा आणि चौथा पर्याय मोडते; उरलेला तिसरा क्ष < य ला ऋण य ने भागून एका ओळीत सिद्धही होतो. पण ‘किती पूर्णांक ही असमानता पूर्ण करतात?’ असा प्रश्न असेल तर किमती घालत बसू नका, कारण −५ सारखा एखादा हमखास निसटतो. तिथे आधी रीतसर सोडवा आणि मग मर्यादेच्या दोन्ही बाजूंचा एकेक पूर्णांक घालून ताळा करा. तुमच्या १२/क्ष च्या उदाहरणात −४ आणि −५ हे दोनच घालून पाहिले असते तरी उत्तर उलटे झाल्याचे तिथल्या तिथे कळले असते.